वाहनचालनातील अवधानभंग

मोबाइल, टॅबलेट यांसारख्या जवळ बाळगता येणाऱ्या उपकरणात चालक गुंतल्यामुळे रस्त्यावरील त्याचे लक्ष उडणे. हा भंग दृष्टीचा, हाताचा किंवा मनाचा असू शकतो. ताशी ४० किमी वेगाची दुचाकी सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापते. तेव्हा आलेला संदेश वाचण्यात दोन सेकंद गेले, तर २२ मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. याबद्दल दुमत नाही.

वाद आहे तो मनाच्या गुंतण्याविषयी. या विषयावरील आरंभीच्या प्रयोगांपैकी एक ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात २४ चालकांना, समोरच्या फटीतून गाडी निघेल की नाही, हे फोनवरील काम करता करता ठरवायचे होते. सुकाणूवरील ताबा फारसा ढळला नाही, मात्र गाडी मावणारच नाही अशा फटींबाबतचा अंदाज चुकू लागला. रेडेलमायर व टिबशिरानी यांनी १९९७ मध्ये टोरांटोतील ६९९ अपघातग्रस्त चालकांच्या कॉल-नोंदी तपासून बोलताना धोका सुमारे चौपट होतो असे मांडले. हात मोकळे ठेवणाऱ्या फोनचा लाभ त्यांना आढळला नाही. उलट, गाडीत कॅमेरे बसवून केलेल्या काही अभ्यासांत नंबर लावणे व फोन उचलण्यासाठी वाकणे घातक ठरले, नुसते बोलणे तितके नव्हे. अपघाताची नेमकी वेळ व कॉलची वेळ जुळवणे अवघड असल्याने कॉल-नोंदींवरून काढलेले आकडे जपूनच घ्यावेत. तरी बोलणे निर्धोक ठरते, असे त्यावरून म्हणता येत नाही.

भारतात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ मध्ये हाती धरलेल्या संपर्क-उपकरणाच्या वापराचा स्पष्ट उल्लेख आला. पुढे केंद्रीय नियमांत, एकाग्रता न ढळता केवळ मार्ग पाहण्यासाठी अशा उपकरणाची मुभा देण्यात आली. म्हणजे कायद्याचा रोख मुख्यतः हातावर आहे. दुचाकींच्या नागपुरात ही मर्यादा ठळक होते : सीताबर्डी किंवा वर्धा मार्गावर हेल्मेट व कान यांच्यामध्ये, अथवा चेहऱ्याला बांधलेल्या स्कार्फमध्ये फोन खोचून बोलत जाणारे चालक दिसतात. त्यांचे दोन्ही हात हँडलवरच असतात. फोनकडचा कान मात्र मागून येणाऱ्या हॉर्नला जवळजवळ बंद झालेला असतो.

२०२१ मध्ये नागपूर महानगरपालिका, संगणक-चिप बनवणारी इंटेल कंपनी, हैदराबादची आयआयआयटी ही माहिती तंत्रज्ञान संस्था आदींनी ‘आय-रास्ते’ हा रस्ते-सुरक्षेचा प्रकल्प सुरू केला. त्यात शहर बसमध्ये, पुढील टक्कर टाळण्यासाठी चालकाला आगाऊ इशारा देणारी यंत्रणा बसविण्यात आली. दुचाकीस्वाराला असा इशारा मिळत नाही.