स्थापत्य व पर्यावरण अभियांत्रिकीचे शिक्षण

इमारती, रस्ते, पूल, धरणे, पाणीपुरवठा, सांडपाणी आणि घनकचरा यांचे नियोजन, संकल्पन व बांधकाम शिकवणारा विद्यापीठीय अभ्यासक्रम. भारतात पदवी चार वर्षांची, म्हणजे आठ सत्रांची असते. महाराष्ट्रात प्रवेश मुख्यतः सीईटीतून होतो, तर आयआयटीत जेईई ॲडव्हान्स्डमधून. पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, आणि साइटवर राबून आलेली ही मुले प्रात्यक्षिकांत बहुधा इतरांच्या पुढे असतात.

देशातील या शिक्षणाचा पाया सार्वजनिक बांधकाम खात्याच्या गरजेतून घातला गेला. रुडकीचे महाविद्यालय 1847 मध्ये निघाले, तर पुण्यातील अभियांत्रिकीचे वर्ग 1854 मध्ये. पुण्यातच शिकलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे 1903 मध्ये खडकवासला धरणावर बसले. मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेची स्थापना 1887 ची. तिथल्या विभागाच्या नावात आज स्थापत्य आणि पर्यावरण दोन्ही आहेत.

पहिल्या वर्षी गणित, यांत्रिकी आणि ड्रॉइंग. पुढे पदार्थबल, मृदा, द्रवगतिकी, आरसीसी (सळया घातलेले काँक्रीट). जमिनीच्या मोजणीचा सर्व्हे कॅम्प मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो. दिवसभर उन्हात स्टाफ (मापाच्या खुणांची उभी पट्टी) धरून लेव्हल, म्हणजे उंचीची मापे, फिरवत आणायची आणि ती बेंचमार्कला, म्हणजे ठाऊक उंचीच्या खुणेला, मिळाली नाही, की चूक शोधायला पुन्हा पहिल्यापासून. टोटल स्टेशन हे इलेक्ट्रॉनिक मोजणीयंत्र आले तरी हा धडा चुकत नाही. काँक्रीटच्या प्रयोगशाळेत ओल्या काँक्रीटचा घट्टपणा पाहण्यासाठी 30 सेंमी उंचीचा स्लम्पचा शंकू थराथराने भरून प्रत्येक थर सळईने 25 वेळा ठोकतात. शंकू उचलल्यावर ढीग किती बसला ते मोजतात. ताकद पाहण्यासाठी 15 सेंमीचे क्यूब 28 दिवस पाण्यात ठेवून मग यंत्रात फोडतात.

पर्यावरणाचा भाग पूर्वी सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी म्हणून शिकवत. नागपूरची नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची संशोधन संस्था 1958 मध्ये याच नावाने सुरू झाली. आजचे नाव 1974 चे. गढूळ पाण्यासाठी तुरटीची मात्रा ठरवणारी जार चाचणी आणि सांडपाण्याची बीओडी (त्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्याचे माप) ही या विषयातली नित्याची प्रात्यक्षिके. बीओडीत पाण्यातला प्राणवायू मोजायला नमुन्याच्या बाटलीत मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड घातले की तपकिरी साका बसतो, ॲसिडने तो विरघळून पिवळा होतो, स्टार्चने निळा. मग ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे. रंग नेमका कधी गेला यावर बाकावरच्या चौघांत एकमत क्वचितच होते. नमुना पाच दिवस ठेवून करायची बीओडीची प्रमाण चाचणी ब्रिटनमधून आली; तिथल्या नद्यांचे पाणी तेवढ्या काळात समुद्राला मिळते, हा त्यामागचा हिशेब. पुढे 20 अंश तापमान रूढ झाले. आपल्याकडे उष्ण हवामानाला धरून 27 अंशांवर तीन दिवसांची चाचणी करतात. परक्या नियमाला देशी मापात बसवण्याचे असे उदाहरण अभ्यासक्रमात दुसरे सहसा सापडत नाही. तरी जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, ते एका ओळीत उरकले जाते.

अपघातांचा इतिहास मात्र तुटपुंजा शिकवला जातो. 1961 मध्ये पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले. 1967 च्या कोयना भूकंपानंतर देशाचा भूकंपक्षेत्रांचा नकाशा बदलावा लागला. आरसीसीच्या संकल्पनाला आयएस 456, पिण्याच्या पाण्याला आयएस 10500 ही भारतीय मानके लागतात. विद्यार्थी ती तोंडपाठ करतात, त्यांमागची कारणे क्वचितच विचारतात.

पदवीनंतर कोणी गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक.ला जाते, कोणी एमपीएससीच्या तयारीला लागते, बाकीचे ठेकेदाराकडे किंवा सल्लागार कार्यालयात. जलशुद्धीकरण व सांडपाणी केंद्रांच्या कामासाठी पर्यावरण विषयातील एम.टेक. उपयोगी पडते. आयआयटी मुंबईत त्याचा स्वतंत्र विभाग आहे. बहुतेक महाविद्यालयांत मात्र पर्यावरण हे सिव्हिलच्या पोटातले दोन-तीन पेपर एवढेच राहिले आहे.