पडद्यावरच्या बाळंतिणीचं बीपी

प्रवेशाचे दिवस आले की नर्सिंग कॉलेजांच्या जाहिरातींत हल्ली सिम्युलेशन लॅब (नकली रुग्णावर सरावाची खोली), व्हीआर (हेडसेट घालून दिसणारं आभासी जग), गेम असे शब्द ठळक दिसतात. आणि कोल्हापुरातले पालक विचारतात, "गेम खेळून पोरगी सिस्टर होणार व्हय?" प्रश्न रास्त आहे. गेमचा उपयोग होतो, नक्की होतो. पण त्यातला रुग्ण कशाच्या जोरावर चालतो, हे आधी बघायला हवं.

नकली रुग्णावर शिकणं जुनंच आहे. १९११ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलसाठी मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी माणसाएवढी बाहुली तयार केली. तिच्यावर विद्यार्थिनी रुग्णाला उचलणं, कुशीवर वळवणं शिकत. अशा बाहुलीवर हात तयार होतो. पण बाहुली तासभर तशीच पडून राहिली, तरी तिची तब्येत बिघडत नाही. खऱ्या रुग्णाची बिघडते.

गगनबावडा तालुक्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रातली पावसाळ्यातली रात्र घ्या. बाळंतपण झालंय, रक्त जरा जास्त जातंय. कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर दूर, आणि पंचगंगेला पूर आला की तो रस्ता बंद पडतो. वरचं बीपी ११०. १०८ ला फोन आत्ता करायचा की थोडं थांबायचं?

बीपी ठीक आहे म्हणून थांबणं इथे घातक ठरू शकतं. त्यामागचं शरीरशास्त्र मला फार सुंदर वाटतं. हृदय मिनिटाला ७५ वेळा ठोके देतं आणि दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं, असं धरू. गुणाकार ५२५०; हा मिनिटाचा प्रवाह. रक्त कमी झालं की हृदयाकडे परत येणारं रक्तही कमी होतं आणि एका ठोक्याचा वाटा, समजा, ५५ वर येतो. दाब उतरायला हवा. पण मानेतल्या धमनीला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे ताण ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं आहेत. धमनी जराशी सैल पडली की ती बातमी मेंदूच्या देठापर्यंत जाते आणि तिथून हुकूम सुटतो: ठोके वाढवा, वाहिन्या आवळा. ठोके ९५ झाले. ९५ गुणिले ५५ म्हणजे ५२२५! शिवाय वाहिन्यांचा विरोध वाढलेला. दाब म्हणजे ढोबळमानाने प्रवाह गुणिले विरोध, म्हणून बीपीचा आकडा जागेवरच राहतो. रक्तस्राव चालूच राहिला की हृदयाला दोन ठोक्यांमध्ये भरायलाही वेळ उरत नाही. ठोके १३०, वाटा ३५, गुणाकार ४५५०. आता दाब घसरतो, आणि घसरतो तो झपाट्याने. गरोदरपणात रक्ताचं आकारमान चाळीसेक टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे बाळंतिणीत हा देखावा आणखी लांबतो.

म्हणून नाडीला वरच्या बीपीने भागायचं. ८० भागिले १२० म्हणजे ०.६७, ठीक. ११२ भागिले ११२ म्हणजे १. बाळंतिणीत हा भागाकार ०.९ किंवा त्याहून जास्त आला, तर बीपी कितीही चांगलं दिसो, धावपळ सुरू करायची.

बाळंतीण गार पडली, घामेजली की "बाहेरचं लागलं" म्हणत अंगारा शोधणारी घरं अजून आहेत. हातपाय गार पडतात ते त्वचेच्या वाहिन्या आवळल्या गेल्यामुळे. शरीर उरलेलं रक्त मेंदू-हृदयासाठी राखून ठेवत असतं. अंगाऱ्यात गेलेला वेळ या बाईच्या रक्तातून वजा होतो.

चांगल्या गेममध्ये हेच गणित सतत मागे चालू असतं. दर सेकंदाला रक्त वजा होतं, त्यावरून ठोके, विरोध आणि दाब नव्याने काढले जातात. गर्भाशयाचा घट्टपणा हाही एक आकडा. मसाज केला की तो वाढतो आणि रक्तस्राव मंदावतो. गर्भाशय आवळणारं औषध, ऑक्सिटोसिन, स्नायूत दिलं तर परिणाम काही मिनिटांनी दिसतो. विद्यार्थिनीने बीपी पाहिलं, "नॉर्मल" लिहिलं आणि दुसऱ्या खाटेकडे गेली, तर पडद्यावरची बाळंतीण तिच्यासाठी थांबत नाही. लेखी परीक्षेतला प्रश्न मात्र उत्तर सुचेपर्यंत जिथल्या तिथे असतो.

नाणी, बिल्ले, गुणतक्ते, चकचकीत हेडसेट यांवर पैसे घालण्याआधी कॉलेजांनी एक साधी चाचणी करावी. गेम सुरू करून पाच मिनिटं काहीच दाबू नये. रक्तस्राव चालू असताना नाडी आपोआप चढली, तर मागे शरीर आहे. रुग्ण बटणाची वाट बघत बसला, तर ती चित्रं लावलेली प्रश्नपत्रिका आहे. नुसत्या वेगाला गुण देणारे गेम तर नकोतच; त्यांत पहिला बळी जातो तो हात धुण्याचा.

गर्भाशय हाताला मऊ लागतंय की घट्ट, हे पडदा शिकवू शकत नाही. त्यासाठी बाहुली हवी आणि प्रसूतिगृहही हवं. अमेरिकेतल्या राज्यांच्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रुग्णालयातल्या शिक्षणाचे निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने घेतले तरी विद्यार्थ्यांचं ज्ञान आणि कौशल्य कमी पडलं नाही. मात्र तिथे प्रशिक्षित शिक्षक होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर सविस्तर चर्चा होती. नाडी ९५ झाली तेव्हा तू काय पाहिलंस, फोन कधी केलास, आधी का नाही केलास, हे विचारणाऱ्या शिक्षिकेचा पगारही लॅबच्या अंदाजपत्रकात धरायला हवा.