ब्रेकला तेल मारू नका, घंटी काढायला सांगू नका

सोमवारी सायकलचं दुकान उघडलं की पहिली सायकल बहुतेक रविवारी ठाण्याच्या येऊर टेकडीवर, उपवन तळ्याकडे जाऊन आलेल्याची असते. "ब्रेक लागत नाही, जरा घट्ट करून द्या. पाच मिनिटांचं काम आहे." आम्ही रिमवरून बोट फिरवतो. बोट काळं, तेलकट. "काही मारलंत का?" थोडा वेळ शांतता. "वाजत होता हो, म्हणून जरासा स्प्रे…"

म्हणून आता लिहूनच देतो: तेल फक्त चेनला. तेही थेंब थेंब, खालच्या पट्ट्यावर आतल्या बाजूने, पेडल उलटं फिरवत. मग वर राहिलेलं तेल फडक्याने पुसून काढा. रिम, ब्रेक रबर, डिस्क यांना तेलाचा वासही लागू देऊ नका. ब्रेक घासण्यावर चालतो. तेलाने आवाज जातो आणि त्याच्याबरोबर ब्रेकही.

रिमब्रेकचं रबर पॉलिश पेपरने घासून, रिम स्पिरिटने पुसून बहुधा वाचतं. डिस्कचे पॅड मात्र तेल पितात, ते टाकूनच द्यावे लागतात. नवे पॅडही लगेच धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन दाबावे लागतात. म्हणून सायकल एक दिवस ठेवून घेतो. "नुसती तार ओढायचे एवढे पैसे?" असं ऐकून घेतो. नुसती तार ओढली असती तर कमी लागले असते, हे खरंच. पण येऊरच्या उतारावर ताशी 30चा वेग म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त, आणि मूठ दाबेपर्यंत एक सेकंद सहज जातो. खाली उपवनला तळ्याकाठी आजी-आजोबा फेऱ्या मारत असतात, एखादं पोर आईचा हात सोडून चेंडूमागे धावतं. तिथे जाणारी सायकल तेलकट ब्रेकने आम्ही हातात देणार नाही.

पावसात चांगला रिमब्रेकसुद्धा आधी नुसतं पाणी पुसतो, मग धरतो. माणसं दिसली की लांबूनच हलके हलके दाबत या.

आता घंटी. "काढा ती, लूक जातो," असं आठवड्यातून दोघे तरी सांगतात. आम्ही काढत नाही. सायकल कितीही महागडी असो, आमच्याकडून घंटीसकटच जाते. फक्त ती अगदी पाठीशी येऊन वाजवू नका. माणूस दचकतो आणि नेमका तुमच्याच बाजूला सरकतो. पंधरा-वीस मीटरवरून एकदा वाजवा, वेग कमी करा, "काका, उजवीकडून येतोय" म्हणा. कानात इअरफोन असतील तर घंटी गेली उडत. मागे मागे या, जागा मिळाली की पुढे जा. फार गर्दी असेल तर उतरून ढकलत न्या, त्यात कसली आलीय लाज.

घरात चालायला जाणारं कुणी असेल तर त्यांनाही सांगा: फुटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चालावं, म्हणजे येणारं समोर दिसतं.

ब्रेक वाजत असेल तर वाजत वाजत घेऊन या. बहुतेक वेळा रबर निबर झालेलं असतं, नाहीतर त्यात खडा रुतलेला असतो. तेवढं बघायचे आम्ही पैसे घेत नाही, सायकल कुठूनही घेतलेली असो. शनिवारी संध्याकाळी मात्र आणू नका. तेव्हा रविवारच्या येऊरवाल्यांची रांग असते.