कॅटेकिझमचा तास, मॉरल सायन्सचा तास: कॅथलिक शाळा-रुग्णालयांच्या ओळखीची पार्श्वभूमी

मुंबई-वसईकडच्या कॅथलिक शाळांत शिकलेल्यांना वेळापत्रकातली एक तासिका नक्की आठवेल. घंटा झाली की वर्गाचे दोन भाग व्हायचे. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे कॅथलिक धर्मशिक्षणाला जायची, बाकीची मॉरल सायन्सला. ही वाटणी कुणा मुख्याध्यापकाच्या सोयीतून आलेली नाही. तिच्यामागे जवळपास पावणेदोनशे वर्षांचा व्यवहार आहे, आणि 'कॅथलिक शाळा म्हणजे नेमकं काय' या आजच्या वादाचं मूळही तिथेच सापडतं.

गोव्यात सोळाव्या शतकात सेंट पॉल कॉलेज होतं, वसईच्या किल्ल्यातही येशूसंघीयांचं (जेझुइटांचं) कॉलेज होतं. पण १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली आणि तिथला तो अध्याय संपला. आजच्या संस्थांचा धागा त्या काळाशी जोडण्याची हौस स्मरणिकांत दिसते. खरा धागा मात्र १९ जुलै १८५४ च्या वूडच्या खलित्यापासून सुरू होतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने शिक्षणधोरणाच्या या कागदात एक सौदा मांडला. खासगी शाळेने लौकिक विषय नीट शिकवले, तिची व्यवस्था जबाबदार माणसांच्या हाती असली आणि तिने सरकारी तपासणी मान्य केली, तर तिला अनुदान मिळेल. ती शाळा धर्म काय शिकवते याची चौकशी तपासनीस करणार नाही. मिशनऱ्यांना पैसा मिळाला, सरकारला तटस्थतेचा दावा करता आला. धर्मशिक्षण वेळापत्रकाच्या एका कोपऱ्यात गेलं ते तेव्हाच.

त्याच दशकात मुंबई मिशनची जबाबदारी जर्मन आणि स्विस येशूसंघीयांकडे आली. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली सुरू झालं. पहिला हेतू आपल्याच मुलांना सांभाळण्याचा होता, ती सरकारी किंवा प्रॉटेस्टंट शाळांकडे जाऊ नयेत म्हणून. पण शहरात कॅथलिक मुलं किती असणार? वर्ग भरायला, फी जमायला आणि विद्यापीठात नाव व्हायला पारशी, हिंदू, मुसलमान विद्यार्थी हवेच होते. म्हणजे विद्यार्थ्यांच्या धर्मावरून शाळेची ओळख ठरणं सुरुवातीपासूनच शक्य नव्हतं. ती ठरत होती शिकवणाऱ्यांवरून: झगा घातलेले फादर, डोक्यावर वेल घेतलेल्या सिस्टर. त्यांचा पगार त्यांच्या धर्मसंघाच्या तिजोरीत जाई आणि फी कमी ठेवता येई.

अहमदनगरच्या बाजूला चित्र वेगळं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे दलित कुटुंबं ख्रिस्ती झाली. त्यांच्यासाठी गावोगाव मराठी शाळा निघाल्या, आणि गावचा मास्तर बहुधा धर्मशिक्षकही असे. संगमनेरची ज्ञानमाता ही मराठी माध्यमाची शाळा त्याच मिशनची देणगी. या दोन परंपरा एकमेकींत कधी नीट मिसळल्या नाहीत. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदामुळे धर्मांतरित ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शहरातल्या नामांकित 'कॉन्व्हेंट'ची फी त्यांच्या आवाक्याबाहेर. 'कॅथलिक ओळख' हा शब्द चर्चासत्रांत जितका ऐकू येतो, तितका हा विषय ऐकू येत नाही.

राज्यघटनेने वूडच्या सौद्याला कलमांचं रूप दिलं. अनुच्छेद २८(३) प्रमाणे राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. अनुच्छेद २९(२) प्रमाणे अनुदानित संस्थेला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणांवरून प्रवेश नाकारता येत नाही. आणि अनुच्छेद ३०(१) अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क देतो. या तिन्हींची ओढाताण कुठे थांबवायची, हे पुढच्या सत्तर वर्षांत न्यायालयांनी ठरवलं. पुष्कळदा समोर कॅथलिक संस्थाच होती.

पहिली मोठी चकमक केरळात झाली. १९५७ साली कम्युनिस्ट मंत्रिमंडळाचे शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी यांनी शिक्षण विधेयक आणलं. ते स्वतः कॅथलिक कुटुंबातले होते, ही त्यातली गंमत. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला आणि तो मे १९५८ मध्ये आला. शिक्षक सरकारी यादीतून नेमण्याचं कलम न्यायालयाने काहीशा अनिच्छेने चालवून घेतलं. शाळेचा ताबा घेण्याची कलमं मात्र अल्पसंख्याक शाळांना लावता येणार नाहीत, असं सांगितलं. सोबत एक सूत्र दिलं: चालवण्याचा हक्क म्हणजे गैरकारभाराचा हक्क नव्हे. पुढच्याच वर्षी सरकारविरोधी आंदोलन, 'विमोचन समर', पेटलं, आणि ३१ जुलै १९५९ ला ते सरकार बरखास्त झालं. शाळा हा राजकीय शक्तीचा प्रश्न आहे, हे ख्रिस्तसभेला (चर्चला) आणि तिच्या विरोधकांना एकाच वेळी कळलं.

१९७४ चा निकाल अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजचा, नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा. गुजरात विद्यापीठ कायद्यातल्या दुरुस्तीमुळे कॉलेजच्या नियामक मंडळावर कुलगुरूंचा प्रतिनिधी बसणार होता, आणि कुलगुरूंच्या मंजुरीशिवाय शिक्षकाला काढता येणार नव्हतं. या तरतुदी अल्पसंख्याक कॉलेजांना लागू होणार नाहीत, असं न्यायालयाने ठरवलं. दर्जा राखण्यासाठीचा नियम चालेल, पण व्यवस्थापनाचा गाभाच काढून घेणारा नियम चालणार नाही, ही रेषा तिथे पक्की झाली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांनी अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक पाहायचं ठरवलं. गोव्यात ख्रिस्ती सुमारे पंचवीस टक्के, महाराष्ट्रात एक टक्क्याच्या आसपास; दोन्हीकडे ते अल्पसंख्याक. नागालँड-मिझोराममध्ये ते बहुसंख्य, म्हणून तिथल्या कॅथलिक शाळेला धर्माच्या आधारावर हा दर्जा मागता येत नाही. 'ख्रिस्ती म्हणजे अल्पसंख्याक' हे समीकरण देशभर चालत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं.

महाराष्ट्रात या सगळ्याचा रोजचा अर्थ १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यात आहे. त्याच्या कलम ३(२) प्रमाणे अल्पसंख्याक शाळेचा मुख्याध्यापक आणि आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्ती यांच्या भरतीला हा कायदा लागू होत नाही. अट एकच: त्या व्यक्तींची नावं व्यवस्थापनाने शिक्षण संचालकांना कळवलेली असावीत. कागदावर शाळेची ओळख राखणारी माणसं एवढी चार. पुढे २००६ मध्ये मलंकारा सीरियन कॅथलिक कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पात्र उमेदवारांतून प्रमुख निवडताना अल्पसंख्याक व्यवस्थापनावर सेवाज्येष्ठतेचं बंधन नाही. घोळ होतो तो इथेच. नावं वेळेवर कळवलेली नसतात, ज्येष्ठ शिक्षकाला डावलल्याचं कारण ठरावात लिहिलेलं नसतं, किंवा अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्रच वाद सुरू झाल्यावर मागितलेलं असतं. मग मूळ न्यासपत्र शोधायची धावपळ. जुन्या न्यासपत्रात उद्देश 'शिक्षणप्रसार' एवढाच असेल आणि ख्रिस्ती समाजाचा उल्लेखही नसेल, तर शाळा कुणी आणि कुणासाठी काढली हे जुन्या पत्रव्यवहारावरून, जमिनीच्या कागदांवरून आणि देणग्यांच्या वह्यांवरून सिद्ध करावं लागतं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने हेच निकष मांडले: कल्पना कुणाची, पैसा कुठून आला, हेतू कोणाच्या हिताचा, कारभार त्याच्याशी जुळतो का. शाळेच्या माळ्यावरची ट्रंक आता पुराव्याचं दप्तर झाली आहे.

ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या कायद्याची मोजपट्टी वेगळी. १९८३ च्या धर्मविधानाच्या (कॅनन लॉच्या) ८०३ व्या कलमाप्रमाणे धर्माधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कुठलीही शाळा 'कॅथलिक' हे नाव लावू शकत नाही. ८०६ व्या कलमाप्रमाणे धर्मप्रांतातल्या कॅथलिक शाळांवर देखरेख आणि भेट देण्याचा हक्क बिशपचा, त्या एखाद्या व्रतस्थ संघाच्या मालकीच्या असल्या तरी. म्हणजे एखाद्या गृहस्थाने 'सेंट' लावून काढलेली शाळा धर्मविधानाच्या दृष्टीने कॅथलिक नव्हे. पालकांना हा फरक सहसा कळत नाही, आणि असा 'सेंट' लावणाऱ्यांना तो कळू द्यायचाही नसतो. २०२२ मध्ये रोमच्या शिक्षणविभागाने कॅथलिक शाळेच्या ओळखीवर सूचनापत्र काढलं. त्यात ओळख ही सगळ्या शिक्षकवर्गाची आणि कर्मचाऱ्यांची जबाबदारी मानली आहे. ते का लिहावं लागलं, हे इथल्या शिक्षकखोलीत पाहिलं की कळतं. फादर-सिस्टर कमी झाले, शिक्षकांत इतर धर्मीय बहुसंख्य. झग्यावरून ओळखू येणारी गोष्ट आता लिहून ठेवावी लागते.

पगाराची गोष्टही बदलली. संघात गरिबीचं व्रत घेतलेल्या फादर-सिस्टरांचा पगार संघाकडे जातो, म्हणून त्यावर प्राप्तिकर कापायचा नाही, अशी समजूत १९४४ आणि १९७७ च्या परिपत्रकांवर उभी होती. अलीगढच्या निकालाच्या आदल्या दिवशी, ७ नोव्हेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने ती मोडली. पगार व्यक्तीच्या नावाने येतो, पुढे तो कुणाला दिला हा त्या व्यक्तीचा प्रश्न, म्हणून उगमस्थानी कर कापला जाईल. संघांच्या अंदाजपत्रकाला धक्का बसलाच. त्याहून मोठी बाब म्हणजे धर्मविधानातलं व्रत नागरी कायद्यात पगाराचं स्वरूप बदलत नाही, हे स्पष्ट झालं.

रुग्णालयांची वाट वेगळ्याच अडथळ्यातून गेली, आणि तो अडथळा रोमचा होता. व्रतस्थांनी वैद्यकी, विशेषतः प्रसूतीचं काम करू नये, असा जुना दंडक होता. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नसत. त्यामुळे बाळंतपणात मृत्यू होत, आणि शेजारी कॉन्व्हेंट असूनही सिस्टरांचे हात बांधलेले. स्कॉटलंडच्या डॉक्टर अॅग्नेस मॅक्लारेन यांनी रावळपिंडीत स्त्रियांसाठी रुग्णालय उभं केलं आणि बंदी उठवावी म्हणून रोमकडे अर्ज केले. १९१३ साली त्या वारल्या तेव्हा ती कायम होती. त्यांच्याबद्दलची पुस्तिका वाचून मेलबर्नच्या डॉक्टर मेरी ग्लोरी १९२० मध्ये गुंटूरला आल्या. त्यांना व्रत घेऊनही डॉक्टरकी करता यावी म्हणून पोपची खास परवानगी काढावी लागली. ऑस्ट्रियाच्या अॅना डेंगेल त्याच वर्षी रावळपिंडीत रुजू झाल्या; पुढे १९२५ मध्ये त्यांनी मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ काढला. ११ फेब्रुवारी १९३६ ला रोमने सिस्टरांना प्रसूती आणि वैद्यकी शिकण्या-करण्याची परवानगी दिली. भारतातल्या बायकांच्या गरजेने जगभरच्या धर्मभगिनींचा नियम बदलला, ही गोष्ट आपल्याकडच्या मिशन-इतिहासात हवी तितकी येत नाही. १९४३ साली ग्लोरी यांच्याच पुढाकाराने कॅथलिक रुग्णालयांची संघटना सुरू झाली. तीच आजची कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया. बंगळूरचं सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज १९६३ चं. पदवीनंतर खेड्यातल्या रुग्णालयात सेवेचं बंधपत्र ही तिथली खूण.

प्रवेशातून ओळख राखण्याचा मार्ग मात्र अरुंद झाला. पूर्वी अशी कॉलेजं आपली परीक्षा आणि मुलाखती घेऊन सेवावृत्ती जोखत. एप्रिल २०२० मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या खटल्यात 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा अल्पसंख्याक संस्थांनाही बंधनकारक ठरली. आता वृत्ती जोखायची ती प्रवेशानंतर.

रुग्णालयात 'काय करणार नाही' हीच ओळख ठळक दिसते: गर्भपात नाही, नसबंदी नाही. १९७१ चा गर्भपात कायदा खासगी रुग्णालयाला केंद्र म्हणून मान्यता घेण्याची सक्ती करत नाही. कॅथलिक रुग्णालय ती घेतच नाही, इतकं साधं. पण कलम ५ आहे: स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल तर स्थळाच्या मान्यतेची अट डॉक्टरला आडवी येत नाही. बीजनलिकेतल्या गर्भाच्या बाबतीत कॅथलिक नीतिशास्त्रही बाधित नलिका काढायला हरकत घेत नाही. तरीही ऐन वेळी वरिष्ठांना विचारू म्हणून उशीर झाला, तर नलिका फुटून पोटात रक्तस्राव होतो. नसबंदीचा घोळ जास्त रोजचा. दुसऱ्या सिझेरियनच्या टेबलावर बाई विचारते, 'आताच ऑपरेशन करून टाका ना.' तेव्हा नकार मिळाला की तिला दुसरीकडे दुसरी भूल आणि दुसरा छेद. म्हणून हा नकार पहिल्या नावनोंदणीच्या वेळी, मराठीत, लेखी सांगायचा असतो. लैंगिक अत्याचाराची पीडित दारात आली तर मात्र नकाराला जागा नाही. फौजदारी कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीपासून खासगी रुग्णालयांनाही तत्काळ मोफत उपचार देणं बंधनकारक आहे.

व्हेंटिलेटरबद्दल उलटा गैरसमज असतो. कॅथलिक रुग्णालय शेवटपर्यंत यंत्र काढणार नाही, असं नातेवाईक धरून चालतात. खरं तर बाराव्या पायस पोपांनी १९५७ सालीच असाधारण उपाय चालू ठेवण्याचं बंधन नाही, असं भूलतज्ज्ञांना सांगितलं होतं. आज अडतं ते कागदपत्रांवर: यंत्र काढण्यासाठीच्या २०२३ च्या सुधारित न्यायालयीन प्रक्रियेत लागणारं प्राथमिक आणि दुय्यम वैद्यकीय मंडळ वेळेत बसवलेलं नसतं. आणि धर्मादाय म्हणून नोंद असलेल्या रुग्णालयाला महाराष्ट्रात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. 'आम्ही तर पहिल्यापासूनच गरिबांची सेवा करतो' हे उत्तर तपासणीत चालत नाही; रजिस्टर दाखवावं लागतं.

शाळांच्या बाबतीत २०२१ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाने अल्पसंख्याक शाळांचा अहवाल काढला. त्यानुसार ख्रिस्ती शाळांतले सुमारे ७४ टक्के विद्यार्थी बिगरख्रिस्ती आहेत. मग शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट का, हा प्रश्न उभा राहिला. ती सूट २०१४ च्या प्रमती निकालाची. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी त्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे जावं असं म्हटलं आणि अल्पसंख्याक शाळांतल्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) लागू करण्याचा मुद्दा तोवर थांबवून ठेवला. त्याआधी, २०२४ मध्ये, कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांना सूचना दिल्या: इतर धर्मीय मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा, शक्य तिथे सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष ठेवा. कॅटेकिझमचा तास मात्र बहुतेक ठिकाणी अजून आहे. काही शाळांत तो शाळा सुटल्यावर असतो, काही ठिकाणी रविवारी चर्चच्या आवारात गेला आहे, आणि मॉरल सायन्सच्या तासाचं नाव वेळापत्रकात आता 'मूल्यशिक्षण' असं लिहितात.