कॅम्परव्हॅनसाठी सुवाह्य जनरेटर (गोवा)

मुक्कामाच्या जागी कॅम्परव्हॅनला २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ वीज पुरवणारा, हाताने उचलून नेता येणारा पेट्रोल जनरेटर. गोव्यात तो सत्तरीतील बागायती, उघडे सडे (जांभ्याची सपाट पठारे) आणि पेडणे ते काणकोणपर्यंतचे किनारे अशा ठिकाणी लागतो, जिथे जवळपास वीजजोडणी नसते. धूर आणि आवाज या त्याच्या दोन मुख्य अडचणी. यंत्र कोणत्या कंपनीचे आहे यापेक्षा ते कुठे ठेवले आणि किती वाजता चालवले यावर दोन्ही जास्त अवलंबून असतात.

प्रकार व क्षमता : उघड्या चौकटीचा साधा जनरेटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत राहतो, कारण ५० हर्ट्‌झ त्या फेऱ्यांवरच टिकतात. त्यामुळे एकच दिवा लावला तरी आवाज कमी होत नाही. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये ही वारंवारिता (फ्रीक्वेन्सी) इलेक्ट्रॉनिक पद्धतीने राखली जाते. भार कमी झाला की इंजिन मंदावते, आवाज उतरतो आणि पेट्रोलही वाचते. व्हॅनसाठी हाच घ्यावा. साधारण २ केव्हीए (क्षमतेचे एकक, ढोबळमानाने किलोवॉटसारखे) क्षमतेचा असा संच वीसेक किलोचा असतो. साडेतीन लिटरच्या टाकीवर तो पाव भाराने सात-आठ तास चालतो, तर पूर्ण भाराने तीन तासांच्या आसपास. एक टनाचा एसी चालू स्थितीत सुमारे १ ते १.२ किलोवॉट घेतो, पण साध्या कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा झटका त्याच्या कितीतरी पट असतो आणि जनरेटर तिथेच ओव्हरलोड दाखवून वीज तोडतो. इन्व्हर्टर एसी असेल किंवा सुरुवातीचा झटका कमी करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवला असेल तर हा प्रश्न येत नाही. एसी चालू असताना किटली मात्र लावू नये.

धूर आणि वारा : इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. जनरेटर व्हॅनच्या दारा-खिडक्यांपासून, आणि शेजारच्या तंबूपासूनही, किमान ६ मीटर दूर ठेवावा. सायलेन्सरचे तोंड बाहेरच्या बाजूला असावे आणि यंत्र वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा धूर व्हॅनपासून दूर नेईल अशा बाजूला असावे. गोव्याच्या किनाऱ्यावर मोठी चूक होते ती इथेच. पावसाळा सोडला तर दुपारी वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. त्या वेळी व्हॅनच्या पूर्वेला ठेवलेला जनरेटर बरोबर जागी असतो. रात्री उशिरा वारा पडतो आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. दुपारी योग्य ठरलेली जागा तेव्हा धूर थेट झोपलेल्या माणसांवर आणते. कुळागरात (पोफळीच्या बागेत) आणि नदीकाठच्या खोलगट भागात रात्रीची हवा हलतच नाही, तिथे धूर साचून राहतो. म्हणून झोपताना जनरेटर बंद असलाच पाहिजे.

पावसाळ्यात यंत्र भिजू नये म्हणून ते व्हॅनच्या छत्रीखाली किंवा ताडपत्रीच्या आडोशाला ओढले जाते. हे सर्वांत घातक. चारही बाजूंनी मोकळे छप्पर, खाली ओटा किंवा उंचवटा आणि तेवढेच ६ मीटरांचे अंतर, असे जमत नसेल तर त्या दिवशी जनरेटर लावू नये. व्हॅनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. एकाच वेळी दोघातिघांचे डोके दुखू लागले, मळमळले किंवा चक्कर आली तर ऊन बाधले असेल असे समजू नये. आधी सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि १०८ ला फोन करावा.

आवाज : ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटरपर्यंतचे शांतता क्षेत्र याहून कडक. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. ७ मीटरवर ५८ डेसिबल देणारा संच १४ मीटरवर ५२ आणि २८ मीटरवर ४६ होतो. म्हणजे चांगला इन्व्हर्टर संचही रात्री शेजारच्या घरापाशी मर्यादा ओलांडू शकतो. चिऱ्यांच्या कुंपणाच्या कोपऱ्यात ठेवल्यास भिंतींवरून परतणारा आवाज त्यात भर घालतो. यंत्राखाली जाड रबरी चटई घालावी, कारण जांभ्यावर किंवा पत्र्यावर ते थरथरते. मधे, यंत्रापासून सुमारे मीटरभर अंतरावर, प्लायवूडचा उभा आडोसा चालतो. बंद पेटी चालत नाही : गरम हवा आतच फिरते, इंजिन तापते आणि धूर कोंडतो. मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. तिथल्या वाळूजवळ रात्री आवाजही नको, प्रखर दिवेही नकोत.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे दिवसा दोन तास जनरेटर आणि रात्री बॅटरी. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे १,२८० वॉट-तास साठवते. ४० अँपिअरच्या चार्जरने दोन तासांत तीत ८० अँपिअर-तास भरतात. पंखे, दिवे आणि छोटा फ्रिज यांची रात्र त्यावर निघते. एसीची निघत नाही. एप्रिल-मेमध्ये तो रात्रभर हवाच असेल तर वीजजोडणी असलेली जागा घ्यावी.

जोडणी : २.५ चौ. मिमीची तीन तारांची रबरी केबल वापरावी आणि ती रिळावरून पूर्ण सोडावी. गुंडाळलेली केबल भाराखाली तापून वितळते. अनेक सुवाह्य संचांमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, त्यामुळे व्हॅनमधला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) पहिल्या दोषावर वीज तोडेलच असे नाही. न्यूट्रल कसा जोडायचा हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहून इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. दोन्ही टोकांना पिनांचा प्लग असलेल्या वायरीने घराच्या सॉकेटमधून वीज कधीच सोडू नये. ती खांबावर उलटी जाऊन दुरुस्तीला चढलेल्या लाइनमनचा जीव घेऊ शकते.

इंधन व देखभाल : पेट्रोल भरण्यापूर्वी यंत्र बंद करून पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावे. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा शोषते. गोव्याच्या दमट हवेत महिनाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलमुळे कार्बोरेटर चिकटतो, जनरेटर चालू होऊन लगेच बंद पडू लागतो. ठेवून देण्याआधी टाकी रिकामी करावी, इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. किनाऱ्यावरून परतल्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने मीठ पुसावे, विशेषतः सॉकेटभोवतीचे. सड्यावरची तांबडी धूळ एअर फिल्टर लवकर भरते, तिथे तो रोज उघडून झटकावा.