दिया दे मुएर्तोस
मेक्सिकोत १ व २ नोव्हेंबरला होणारा मृतांचा सण. स्पॅनिश नावाचा अर्थ ‘मृतांचा दिवस’. सर्व संतांचा आणि सर्व मृतात्म्यांचा हे कॅथलिक दिवस याच तारखांचे. स्पॅनिश राजवटीत त्यांत मूळ रहिवाशांच्या पितरांविषयीच्या चालीरीती मिसळल्या. पहिल्या दिवशी लहानपणी गेलेली मुले घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी मोठी माणसे, अशी समजूत आहे. त्यामुळे घरात सुतकाची कळा नसते, पाहुणे यायचे असल्यासारखी लगबग असते.

घरोघरी ‘ओफ्रेंदा’ मांडतात. टेबलावर किंवा पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर गेलेल्यांचे फोटो, मेणबत्त्या, कातरकाम केलेले रंगीत कागद आणि कोपाल या झाडाच्या डिंकाचा धूप. लांबून आलेल्याला तहान लागणारच, म्हणून पाण्याचा पेला हवा, सोबत मीठ. मग ज्याला जे आवडायचे ते: मोले हा दाट मसालेदार रस्सा, मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले, कुणाची सिगारेट, कुणाचा टकीलाचा घोट, मुलांसाठी खेळणी. ‘पान दे मुएर्तो’ या गोल पावावर पिठाचीच हाडे वळून लावतात. साखरेच्या कवट्याही असतात. त्यांच्या कपाळावर नाव घालून त्या जिवंत मित्रांनाही देतात, आणि त्यात कुणाला काही अभद्र वाटत नाही. दारापासून ओफ्रेंदापर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरतात, येणाऱ्याला वाट सापडावी म्हणून. तिथे या फुलाला सेम्पासूचिल म्हणतात. आपल्याकडे दसऱ्याला तोरणात ओवतात तो झेंडू मूळचा तिकडचाच.

पात्स्क्वारो सरोवरातल्या हानित्सिओ बेटावर लोक मेणबत्त्या लावून कबरींपाशी रात्र काढतात. भरजरी टोपी घातलेली ‘कात्रिना’ ही सांगाड्याची बाई आता सणाची खूण झाली असली, तरी ती होसे ग्वादालुपे पोसादा या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी थट्टेखातर काढलेली. मेक्सिको सिटीतली मिरवणूक तर २०१६ पासूनची, तीही एका बाँडपटातला प्रसंग पाहून सुचलेली. २००८ मध्ये युनेस्कोने सणाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

कांपेचे राज्यातल्या पोमुच गावची रीत मात्र आणखी जवळिकीची. दफनानंतर काही वर्षांनी अस्थी काढून लाकडी पेटीत ठेवतात. मग दरवर्षी सणाच्या तोंडावर घरची माणसे एकेक हाड ब्रशने झटकतात, गेलेल्याशी बोलत बोलत. पेटीतले जुने कापड काढून नवे, वेलबुट्टी भरलेले घालतात: हे त्याचे सणाचे नवे कपडे.