कारचा नकाशा आणि ट्रकचा नकाशा

नाशिकच्या आडगाव नाक्यावर चहा घेताना कुठल्याही ट्रकमालकाला विचारा, "शेठ, गाडीला जीपीएस आहे का?" उत्तर ठरलेलं असतं. "आहे ना, दोन वर्षं झाली बसवून." बसवलेला असतो तो ट्रॅकर. गाडी कुठल्या ढाब्यावर किती वेळ उभी होती हे तो शेठना सांगतो आणि पार्टीला लोकेशन पाठवायला कामी येतो. गौण खनिजाच्या गाड्यांना तर सरकारनेच त्याची सक्ती केली आहे. पण पुढच्या फाट्यावर डावीकडे वळायचं की सरळ जायचं, हे ट्रॅकर ड्रायव्हरला सांगत नाही. हा गोंधळ निदान एका वाक्यात मिटतो. दुसरा मिटत नाही, आणि गाड्या अडकतात त्या दुसऱ्यापायी.

तो असा. ड्रायव्हर डॅशबोर्डवर फोन अडकवतो, नकाशा लावतो आणि आपण म्हणतो, नेव्हिगेशन आहे. गूगल मॅप्स कसं चालतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. फक्त वरची चित्रं एकदा नीट बघा: कार, टू-व्हीलर, बस-रेल्वे, पायी चालणारा माणूस. ट्रक कुठेच नाही. मग आपला माणूस कारचं चित्र दाबतो आणि त्या क्षणापासून नकाशाच्या लेखी तो ट्रेलर नाही, स्विफ्ट चालवत असतो.

गेल्या द्राक्ष हंगामात आमच्या एका गाडीच्या बाबतीत हेच झालं. गाड्या लावायचं काम माझ्याकडे असतं. चाळीस फुटी रिकामा रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, निफाड तालुक्यातल्या एका पॅकहाउसला (द्राक्षं पेट्यांत भरतात तिथे) पहाटेपर्यंत लावायचा होता. रात्री दोनला फोन आला. "दादा, पुढं रेल्वेचा बोगदा आहे. वर लोखंडी कमान आहे, 3.60 लिहिलंय." मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "रिकामीच गाडी आहे, हळूच काढू का?" माझी झोप तिथेच उडाली. रिकाम्या गाडीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, सैल होतात आणि ती भरलेल्या गाडीपेक्षा दोन बोटं उंचच उभी राहते. दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये एकच गाडी मावेल एवढा डांबरी पट्टा. क्लीनर टॉर्च घेऊन मागे चालत होता आणि घोडा-ट्रेलर (पुढे इंजिनाचा घोडा, मागे ट्रेलर) दीड किलोमीटर रिव्हर्समध्ये येत होता. तीन तास गेले. पॅकहाउसवर बाया-माणसं पेट्या भरून बसलेली.

आता हिशेब बघा. द्राक्षं जातात ती बहुतेक हाय-क्यूब कंटेनरमधून. डब्याची नुसती उंची साडेनऊ फूट, म्हणजे 2.90 मीटर. खाली ट्रेलरचा सांगाडा दीड मीटरच्या आसपास. झाली 4.40. कायद्यालाही हे मान्य आहे: 2020 च्या दुरुस्तीनंतर साध्या मालवाहू गाडीला 4 मीटर आणि कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरला 4.52 मीटर उंचीची परवानगी आहे. म्हणजे गाडी कायदेशीर, रस्ता सरकारी आणि तरीही 80 सेंटीमीटर कमी.

नकाशाला हे का कळलं नाही? कारण त्याला तो रस्ता उत्तम वाटत होता. रेल्वेने फाटकं बंद करत आणली आणि बऱ्याच ठिकाणी रुळांखालून बोगदे काढले. रेल्वेच्या भाषेत त्यांना 'लिमिटेड हाईट सबवे' म्हणतात, नावातच सगळं आलं. पूर्वी फाटक उघडायची वाट बघत ट्रक उभे राहायचे, पण जायचे. आता मोटारसायकल, पिकअप, कार भर्रकन खालून जातात. नकाशा शिकतो तो रस्त्यावर हलणाऱ्या फोनवरून, आणि तिथे हलणारे फोन सगळे कारचे नि मोटारसायकलचे. गर्दी नाही, फाटक नाही, अंतर कमी. असा रस्ता तो कशाला नाकारेल? महामार्गावरच्या पुलाखाली पाच-साडेपाच मीटर जागा असते, म्हणून मुंबई-आग्रा रोडवर हा फरक कधी जाणवतच नाही. तो कळतो शेवटच्या आठ-दहा किलोमीटरमध्ये, आणि नेमका तिथेच ड्रायव्हर नवखा असतो.

ट्रकचं नेव्हिगेशन इथे वेगळं पडतं. ते आधी गाडीची मापं विचारतं: उंची, रुंदी, लांबी, एकूण वजन, एक्सलवरचा भार, धोकादायक माल आहे का. मग रस्त्यांच्या जाळ्यातून या मापांत न बसणारे तुकडे काढून टाकतं आणि उरलेल्यांतून रस्ता शोधतं. दहाचाकीचं एकूण वजन 28.5 टन भरलंत, तर 15 टनांची मर्यादा नोंदलेला पूल त्याच्यापुरता नाहीच. कारचा नकाशा सर्वांत लवकर पोचवणारा रस्ता देतो. ट्रकचा नकाशा आधी ही गाडी तिथून जाते का ते तपासतो, वेळ नंतर. अमेरिका-युरोपात गार्मिन कंपनीच्या यंत्रांची डेझल मालिका याच कामाची आहे. फोनवर करायचं तर ओस्मॅन्ड नावाच्या ॲपमध्ये ट्रकचं प्रोफाइल आहे. त्यात उंची-वजन भरता येतं आणि डाउनलोड केलेल्या नकाशावर ते इंटरनेटशिवाय चालतं.

आणि आता माझा राग. ट्रक मोड लावला म्हणून निर्धास्त झोपणाऱ्या मालकांवर. तुकडा वगळायचा तर त्या तुकड्याची उंची कुणीतरी नोंदवलेली हवी. नोंद नसली की 'माहीत नाही' म्हणजे 'जाऊ द्या' असा अर्थ घेऊन ॲप बोगद्यातून खुशाल रस्ता आखतं. आपल्याकडे गावरस्त्यांवरच्या बऱ्याच बोगद्यांची आणि साकवांची अशी नोंदच नाही. ओस्मॅन्ड ज्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालतं, तिथे ही मापं कुणालाही भरता येतात. त्या रात्रीनंतर आमच्या ड्रायव्हरांना एक सवय लावली: कमानीवरचा आकडा दिसला की फोटो काढून मला पाठवायचा. रविवारी बसून मी ते नकाशावर चढवतो. शेठ हसतात. हसू देत.

तोपर्यंत करायचं काय? महागडं यंत्र मागवू नका, परदेशी नकाशा भरलेलं तर मुळीच नको. मी ट्रकचा आणि कारचा असे दोन्ही नकाशे वापरतो, पण कामं वाटून. ट्रक प्रोफाइलवर घरी बसून रस्ता ठरवायचा, शेवटचा टप्पा पॅकहाउसच्या किंवा कंपनीच्या गेटवरच्या माणसाला फोन करून पक्का करायचा ("कंटेनर कुठून येतात तुमच्याकडे?" एवढंच विचारायचं), आणि मग ड्रायव्हरच्या फोनवर कारच्या नकाशात मधले थांबे टाकून द्यायचे. सिन्नर एमआयडीसीतून न्हावाशेवा बंदराला जायचं तर घोटी हा थांबा टाका, मग नकाशा गाडी नाशिक शहरात द्वारका चौकात आणून सोडत नाही. वाहतुकीची कोंडी बघायला कारचाच नकाशा चांगला, त्याला तोड नाही. नुसता त्याच्यावर विसंबू नका. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात सध्या इतके रस्ते उकरलेत की कालचा रस्ता आज असेलच असं नाही.

बाकीचे फरक किरकोळ. सात इंची स्क्रीन की फोन? फोन पुरतो, होल्डर चांगला घ्या. मराठी आवाज की हिंदी? ड्रायव्हरला विचारा. इगतपुरीजवळ समृद्धीच्या आठेक किलोमीटरच्या बोगद्यात उपग्रह दिसत नाही म्हणून टिंब अडकतं, तो बिघाड नव्हे. द्वारकेला उड्डाणपुलावर आहोत की खालच्या सर्व्हिस रोडवर, यात फोन कधी कधी गोंधळतो. दोन मिनिटांत सावरतो.

एक मात्र किरकोळ नाही, आणि त्यावरून रोज भांडणं होतात. वेळ. कारचा नकाशा न्हावाशेवा साडेचार तासांवर दाखवतो, ते कारचे साडेचार तास. मालवाहू गाडीला महामार्गावर 80 ची मर्यादा, स्पीड गव्हर्नरही तिथेच अडवतो, आणि कसारा घाटात भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रांगते. शेठ ऑफिसात बसून स्वतःच्या फोनवर बघतात आणि ड्रायव्हरला फोन करतात, "मॅप साडेचार तास म्हणतोय, तू सात तास काय करत होतास?" मी आता गाडी निघतानाच दोन्ही वेळा बिल्टीच्या (मालाच्या पावतीच्या) मागे पेनने लिहून देतो, कारची आणि ट्रकची. शेठचा फोन आला की ड्रायव्हर ती वाचून दाखवतो.